नुसते बघणारे काका

रात्रीची जेवणं आटोपली की आमचे शेजारचे काका खरेदीला निघतात. निघतात म्हणजे डोंबिवलीतल्या आपल्या तिसऱ्या मजल्यावर, पंख्याखालच्या खुर्चीत मांडी ठोकून टॅबलेट उघडतात. गाणी, कादंबऱ्या, सिनेमे असं सगळं विकणारं एक ऑनलाइन दुकान त्यांनी धरून ठेवलंय. त्या दुकानाला मात्र काकांकडून अजून रुपयाही सुटलेला नाही.

कार्ट तुडुंब भरलेलं असतं. रणजित देसाईंची ‘स्वामी’, तिला खेटून माइल्स डेव्हिसची १९५९ची ‘काइंड ऑफ ब्लू’, खाली प्रभातचा ‘संत तुकाराम’ आणि सगळ्यांच्या वर ‘गीतरामायणा’चा संच. जाझशी आपलं काय नातं, असं विचारलं तर “असावी एक,” म्हणतात. घरात कसलाच प्लेअर नाही. तरी जुन्या एलपीचं कव्हर कोपऱ्यात दुमडलंय का, हे चष्मा पुसून बघतात. परवा ‘गॉडफादर’ची अमेरिकन डीव्हीडी त्यांनी नापास केली. “रीजन एकची आहे. आपल्याकडे पाच लागतो. चालायची नाही!”

हा छंद टॅबलेटच्या कितीतरी आधीचा. काका फोर्टात विमा कंपनीत होते. मधल्या सुट्टीत डबा भराभर संपवून काळा घोड्याचं ऱ्हिदम हाऊस गाठायचे. तिथे रेकॉर्ड घेण्याआधी बूथमध्ये उभं राहून ऐकता यायची. काका ‘घेण्याआधी’पर्यंतच पोचायचे, तेवढ्यात सुट्टी संपायची. २०१६ साली ते दुकान बंद झालं, तेव्हा कळवळून म्हणाले, “लोक फुकट ऐकतात, घेत नाहीत. दुकानदारानं जगावं कसं?” काकू चहा गाळायच्या थांबल्या आणि त्यांच्याकडे बघत राहिल्या.

ऑनलाइन दुकानात तर “घ्यायचंय का?” असं विचारणारंही कुणी नाही. कादंबरीची पहिली काही पानं फुकट, गाण्याचा अर्ध्या मिनिटाचा तुकडा फुकट. त्यामुळे काकांचा व्यासंग अफाट आहे. पहिल्या वीस पानांवर ते कुणाशीही वाद घालतात. एकविसाव्या पानाचा विषय निघाला की “पुढे ती जरा ढिली पडते,” म्हणून मोकळे होतात. गाण्यांचंही तसंच. मुखड्यावर जीव ओवाळून टाकतील, अंतरा आला की म्हणतील, “तिथे चाल घसरलीय.”

एकदाच ते दुकानावर रागावले. ‘संत तुकाराम’ वारंवार उघडलेला पाहून दुकानानं त्यांना टाळ आणि उदबत्त्या सुचवल्या. “अरे, १९३६चा सिनेमा हा, व्हेनिसच्या महोत्सवात नावाजलेला! आणि याला वाटतंय, मी दिंडीला निघालोय!”

एक वहीही आहे. तीत रोजचे भाव. एखादी वस्तू शंभरानं उतरली की “शंभर वाचले” अशी नोंद होते. वस्तू घेतली नाही म्हणून उरलेले पैसे ते धरत नाहीत. हिशेबात माणूस सचोटीचा.

पंचाहत्तरीला मुलीनं घात केला. ‘गीतरामायणा’चा संच आला, आणि पळवाट नको म्हणून सोबत सीडी प्लेअरही. काका खोकं मांडीवर घेऊन बराच वेळ बसले.

“लावा की,” काकू म्हणाल्या.

“छप्पन्न गाणी आहेत. १९५५ला पुणे आकाशवाणीवर आठवड्याला एक वाजायचं. एका बैठकीत फस्त करणं म्हणजे गदिमांचा आणि बाबूजींचा अपमान.”

दुसऱ्या दिवशी मी डोकावलो, तर खोकं सीलबंद आणि काका टॅबलेटवर. कार्टमध्ये सगळ्यात वर पुन्हा तोच संच.

“काका, हा तर आलाय ना घरी?”

“आलाय रे. पण भावावर लक्ष नको ठेवायला?” त्यांनी वही उघडली. “साठ रुपयांनी उतरलाय. पोरीनं घाई केली.”