दुधात शिरलेला उजेड

संगणकाकडून हुबेहूब फोटोसारखं चित्र काढून घेणाऱ्या मंडळींना सगळ्यात जास्त कुणी छळलं असेल? डायनॉसॉरनं नव्हे. तो १९९३ सालीच पडद्यावर पळायला लागला. आणि खरा पाहिलाय कुणी, चूक काढायला? छळलं ते पेलाभर दुधानं.

नगर जिल्ह्यातल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. गायीच्या दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ (फॅट सोडून उरणारे घन घटक) लागलं तरच पुरा भाव. पण संकलन केंद्रावर मशीनचा आकडा उमटायच्या आधीच रांगेतल्या एखाद्या म्हाताऱ्यानं निळसर झाक हेरलेली असते. ‘काय पाव्हणं, औंदा विहिरीला पाणी बरंय!’

संगणकाची अडचण अशी की, उजेड वस्तूवर पडला की तिथूनच परततो, असं तो धरून चालायचा. त्यामुळे त्याचं दूध व्हाइट सिमेंट कालवल्यासारखं दिसे. खरा उजेड दुधात शिरतो, कणाकणावर आपटत भरकटतो आणि भलतीकडूनच बाहेर पडतो. हे भरकटणं हेन्रिक वान येन्सेन आणि सहकाऱ्यांनी २००१ साली सुटसुटीत गणितात बसवलं आणि साय काढलेलं आणि न काढलेलं दूध शेजारी शेजारी काढून दाखवलं. फॅट गेलं की उरतात प्रथिनांचे बारीक कण, आणि ते निळा उजेड जास्त विखुरतात. म्हाताऱ्याचा निकाल कायम! २००४ साली यातल्या तिघांना ऑस्करवाल्यांचा तांत्रिक पुरस्कारही मिळाला. फॅटवर एवढा बोनस आमच्याकडे अजून कुणाला मिळालेला नाही.

येन्सेन मंडळींच्या त्याच २००१ च्या शोधनिबंधात एक संगमरवरी अर्धपुतळाही होता, कारण संगमरवरातही उजेड असाच आत शिरतो. शिर्डीच्या समाधी मंदिरातली साईबाबांची मूर्तीही संगमरवरीच, ती बाळाजी वसंत तालीम यांनी घडवली. १९५४ च्या दसऱ्याला ती बसली. बाबांना जाऊन तेव्हा ३६ वर्षं झालेली. चेहरा शोधायचे कष्ट तालीमांचे, पण गालावरची ती ओलसर कांती दगडानं फुकटात दिली. संगणकाला तिचा हिशेब किरणागणिक मांडावा लागतो.

आता ते गणित आमच्या नगरच्या सावेडीपर्यंत पोचलंय. परवा एका गृहप्रकल्पाच्या फलकावर संगमरवरी ओटा असा उजळला होता की हात फिरवावासा वाटला. फलकामागच्या मोकळ्या प्लॉटवर शेळ्या चरत होत्या. त्यातली एखादी चित्रात घेतली असती, तर माझा लगेच विश्वास बसला असता.