पाठपुरावा सुरू आहे

आमचे आमदार भाऊ नागपूरला हिवाळी अधिवेशनाला गेले आहेत, हे तालुक्याला एसटी स्टँडसमोरच्या फ्लेक्सवरून कळलं. 'जनतेचा आवाज विधानसभेत घुमला' असं त्यावर लिहिलं होतं. आवाज घुमायला अजून दोन दिवस होते, पण फ्लेक्सवाल्याकडे लग्नसराईची गर्दी, म्हणून कार्यकर्त्यांनी आधीच छापून घेतला.

भाऊ काही गप्प बसणाऱ्यांतले नाहीत. ओढ्यावरच्या पुलाचा तारांकित प्रश्न त्यांनी टाकलाच. पूल पावसाळ्यात वाहून गेला, हे खरे आहे काय? असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली? नसल्यास, विलंबाची कारणे काय? त्यावर मंत्र्यांचं छापील उत्तर आलं, 'हे अंशतः खरे आहे.' आमच्या गावात यावर बरीच टीका झाली. मला मात्र उत्तर अचूक वाटतं. पूल अर्धाच वाहून गेला आहे.

अधिवेशन संपलं आणि भाऊ खऱ्या कामाला लागले. खरं काम म्हणजे दहावा. सकाळी सातला घाटावर भाऊंची पांढरी गाडी लागल्याशिवाय आमच्याकडे कावळासुद्धा शिवत नाही. पिंड ठेवून मंडळी वर बघत बसतात. कुणी म्हणतं, इच्छा राहिली असेल. जाणकार म्हणतात, भाऊ अजून मागच्या गावच्या दहाव्यात आहेत. मग भाऊ येतात, चपला काढतात, माइक घेतात. "आण्णांचं एक स्वप्न होतं, वस्तीवर डांबरी रस्ता व्हावा. ते आज मंजूर झालंय." तालुक्यातल्या प्रत्येक मयताचं स्वप्न नुकत्याच मंजूर झालेल्या कामाशी नेमकं जुळतं, हा योगायोग मी बरीच वर्षं पाहत आलो आहे. परवा एका आजींचं स्वप्न हायमास्टचं निघालं. म्हातारी दिवे लागायच्या आधी जेवून झोपायची.

हायमास्ट हे भाऊंचं आवडतं काम. आमदाराला स्थानिक विकास निधी मिळतो वर्षाला ५ कोटी, आणि गावं शंभराच्या वर. वाटणी केली तर धड कुठलंच काम पुरं होत नाही. पण दिवा लांबून दिसतो. खरं म्हणजे भाऊ फक्त काम सुचवतात. प्रशासकीय मान्यता जिल्हाधिकारी देतात, तांत्रिक मान्यता अभियंता देतो, पैसे सरकारचे. नारळ मात्र भाऊच फोडतात. एकाच रस्त्यासाठी शिफारसपत्र गेलं की एक, मान्यता आली की एक आणि ठेकेदाराचा जेसीबी आला की एक. रस्त्यावर खडी पडण्याआधी खोबरं पडतं.

बाकीचा कारभार लेटरपॅडवर चालतो. भाऊ पत्राला कधीच नाही म्हणत नाहीत. एकाच शाळेवर बदली मागणाऱ्या दोन शिक्षकांना त्यांनी एकाच दिवशी शिफारसपत्रं दिली. साहेबांनी जिल्हा परिषदेतून फोन करून विचारलं, नेमकं कुणाला द्यायचं? भाऊ म्हणाले, "दोघंही आपलेच आहेत, नियमानुसार करा." नियमानुसार तिसऱ्यालाच ती शाळा मिळाली. आता तोही सांगतो, भाऊंमुळे झालं.

यात हसण्यासारखं बरंच आहे, पण एक गोष्ट मान्य करायला हवी. रात्री अकराला डीपी जळाला की गव्हाचं पाणी थांबतं, आणि शेतकऱ्याचा फोन वीज कंपनीच्या साहेबाला लागत नाही. भाऊंना लागतो. भाऊ तो फोन स्पीकरवर टाकतात, साहेबाला चारचौघांत झापतात आणि दुसऱ्या दिवशी डीपी येतो. ऑइल नसतं त्यात, पण येतो. राज्याच्या कायद्यावर २८८ जणांनी डोकं लढवायचं असतं असं नागरिकशास्त्रात आम्हीही वाचलं होतं; डीपीचं पुस्तकात काहीच नव्हतं. मतं मात्र आम्ही डीपीवरच देतो.

गेल्या सोमवारी जनता दरबारात एक निवृत्त गुरुजी रांगेत उभे होते. दाखला नको, पत्र नको. त्यांनी विचारलं, "भाऊ, या अधिवेशनात आपण कोणत्या विधेयकावर बोललात?"

दरबार शांत झाला. भाऊंनी पीएकडे पाहिलं, पीएनं डायरीकडे. डायरीत त्या आठवड्याला सात लग्नं होती.

"गुरुजी," भाऊ हात जोडून म्हणाले, "विषय महत्त्वाचा आहे. लेखी द्या, पाठपुरावा करतो."

गुरुजींनी तिथंच बसून लेखी दिलं. पीएनं अर्जावर आवकचा शिक्का मारला आणि खाली शेरा लिहिला: मा. आमदार महोदयांकडे माहितीस्तव व उचित कार्यवाहीस्तव सादर. मग त्यानं पुढच्याला हाक मारली. तो डीपीच्या ऑइलसाठी आला होता.