विटाळ, ठराव आणि १०८ घागरी

तत्त्वज्ञान आणि राज्यशास्त्र हे दोन विषय एकत्र घेतो असं पोरगं म्हणालं, की घरात सुतक पडल्यासारखी शांतता पसरते. एका विषयाला नोकरी नाही, दुसऱ्याला अब्रू नाही. एकाच पदवीत दोन्ही तोटे कशाला? ऑक्सफर्डने हे विषय १९२० साली अर्थशास्त्रासकट एका दावणीला बांधले, पण त्यासाठी इतक्या लांब जायचं कारण नाही. महाड तालुक्यातल्या शिवथरघळीत समर्थांनी दासबोध सांगितला असं परंपरा मानते. त्या ग्रंथात अध्यात्माच्या शेजारीच ‘राजकारण निरूपण’ नावाचा समास मांडी घालून बसला आहे. शेजारच्या पोलादपुरात कवींद्र परमानंदांची समाधी आहे. त्यांनी ‘शिवभारता’त शिवाजी महाराजांना विष्णूचा अवतार म्हटलं. हे तत्त्वज्ञान की राजकारण, ते दोन्ही विभागप्रमुखांनी आपसांत मिटवावं.

हे दोन विषय एकत्र का शिकावेत, याचा खरा पुरावा मात्र महाडच्या चवदार तळ्याचा. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा, सदस्य बोले यांनी मांडलेला ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ साली झाला; महाड नगरपालिकेने १९२४ साली तळं खुलं केलं. खुलं झालं ते कागदावर. राजकारणाने ठराव केला, पण माणसाच्या शिवण्याने पाणी बाटतं या समजुतीला कुणी हात लावला नव्हता. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकर आणि हजारो माणसं त्या पाण्यापर्यंत चालत गेली, तेव्हा ती समजूत खडबडून जागी झाली. तळं शुद्ध करायला त्यात दूध, दही, शेण, गोमूत्राच्या १०८ घागरी ओतल्या गेल्या. विटाळ मोजून १०८ घागरींचा भरला, हे गणित कुठल्या शास्त्रात बसतं कोण जाणे. ऑगस्टमध्ये नगरपालिकेनेही आपला ठराव मागे घेतला. आता गंमत पाहा: पावसाळ्यात सावित्री नदी फुगून महाडच्या बाजारपेठेत शिरते, तेव्हा ती सगळ्या गावाला सरसकट शिवते. तिच्यामागे घागरी घेऊन कुणी धावत नाही. म्हणजे प्रश्न पाण्याचा नव्हताच. तो बाटण्याच्या कल्पनेचा होता, आणि त्या कल्पनेच्या पाठीशी मतं होती.

कुणी म्हणेल, राजकारण एसटी स्टँडवरच्या टपरीवरही शिकता येतं. येतं की! कोण पडणार, कोण फुटणार, हे टपरी विद्यापीठापेक्षा आधी सांगते. पण विटाळ म्हणजे काय, हा प्रश्न तिथे निघाला तर चहा निवतो. दुसरा आक्षेप, तत्त्वज्ञानाने माणूस नुसता वाचत बसतो. त्याला २५ डिसेंबर १९२७ हे उत्तर आहे: महाडात मनुस्मृती जाळली, ती तिच्यात काय आहे हे माहीत असणाऱ्यांनी. पुढे तळ्याचा खटला उच्च न्यायालयात १९३७ पर्यंत चालला, आणि तिथेही वाद निघाला तो रूढी अनादी आहे का, याचा. अनादी म्हणजे कधीपासून, हे वकिलांना विचारावं लागलं. ते सिद्ध काही झालं नाही.

राहिली नोकरी. १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेलेल्या बाबासाहेबांनी अर्थशास्त्राच्या जोडीला तत्त्वज्ञान आणि राज्यशास्त्रही घेतलं, जॉन ड्युईंच्या वर्गात बसले. परतल्यावर बडोद्यात नोकरी मिळाली. राहायला जागा कुणी देईना, म्हणून ती सोडावी लागली.