काही आयकू आलं?

आदिलाबादेत दर दोन गल्ल्यांआड असे एक भाऊ सापडतातच. स्टिरिओ ॲम्प्लिफायर घरी आला तेव्हा त्याला झाकण होतं. नंतर ते कुणी पाहिलेलं नाही. त्याचे स्क्रू बशीत, बशी फ्रीजवर, आणि वहिनींचा चहा बशीविना.

पहिला घाव पॉवर सप्लायवर पडतो. कंपनीनं 2200 मायक्रोफॅरडचे कंडेन्सर टाकलेले. भाऊ 10000 चे बसवतात. मग 4558 हा आयसी उपटून तिथं 5532, तोही सॉकेट लावून, म्हणजे उद्या त्यालाही उपटता यावं. सामान हैदराबादच्या कोठीतल्या गुजराती गल्लीतून येतं, नाहीतर कुणी नंदीग्राम एक्स्प्रेसनं मुंबईला निघालं की त्याच्या गळ्यात लॅमिंग्टन रोडची यादी पडते. एकदा तिथून आलेला गोल टोरॉइडल ट्रान्सफॉर्मर वहिनींनी मिठाई म्हणून देवापुढे ठेवला होता.

गणपतीच्या आधी मंडळाची पोरं येतात. ‘‘भाऊ, खिडक्या हालल्या पायजेत!’’ भाऊ समजावतात, की वॅट दुप्पट केले तरी आवाज वाढतो जेमतेम 3 डेसिबल. पैसे घालायचेच तर स्पीकर बदला. पोरं भाऊच बदलतात.

पाहुण्याची मात्र सुटका नाही. दोन्ही स्पीकरांपासून सारख्या अंतरावर, खडूनं आखलेल्या चौकोनात त्याची खुर्ची. पंखा बंद, मग मे महिना का असेना. भाऊ व्हॉल्यूम शेवटपर्यंत फिरवतात. गाणं लावत नाहीत.

‘‘काही आयकू आलं?’’

‘‘नाही, भाऊ.’’

‘‘तेच तं!’’

मग निरूपण. लायनीतली वीज 50 सायकलची. डायोडच्या ब्रिजमधून निघाली की तिची लहर 100 ची होते आणि स्पीकरमध्ये घुमते. हे हमिंग अर्थिंगच्या साऱ्या तारा एका खिळ्याशी आणून भाऊंनी घालवलेलं असतं. तेलुगू शेजारी ‘बागुंदी’ म्हणतो, उर्दूवाले मास्तर ‘क्या बात है’, आपला माणूस ‘एक नंबर’. जे ऐकूच आलं नाही त्याची तारीफ तीन भाषांत होते. फक्त भाऊंची आई विचारते, ‘‘बाबू, चालू कवा करतं?’’

चालू झालं तरी आकाशवाणी आदिलाबादचं गोंडी गाणं दुसऱ्या कडव्यापर्यंत पोचत नाही. डाव्या स्पीकरचा ट्रेबल आडवा येतो.

हिवाळ्यात मात्र घर भाऊंच्या बाजूचं असतं. तेलंगणातली कडाक्याची थंडी आमच्या वाट्याची, आणि भाऊंनी ट्रान्झिस्टरचा बायस करंट वाढवून ठेवल्यामुळे हीटसिंक निखाऱ्यासारखा. पोरांचे मोजे त्यावर तासाभरात वाळतात. आवाजात काय सुधारलं ते वहिनींना सांगता येत नाही. मोज्यांचं सांगता येतं.

पांढरकवड्याला, पैनगंगेपल्याड, भाचीचं लग्न होतं. भटजींनी माइक हातात घेतला आणि मांडवात हमिंग सुरू. भाऊ उठले. मंगलाष्टकं चालू असतानाच मागच्या बाजूनं मशीन बंद. अक्षता कधी टाकायच्या ते पुढच्या दोन रांगांनाच कळलं. मागच्यांनी अंदाजानं टाकल्या. भाऊ बाहेर आले तेव्हा तिसरी पंगत उठत होती.

‘‘मामा, पैसे किती द्यायचे?’’ मंडपवाल्यानं विचारलं.

‘‘पैसे राहू दे बाप्पा. दुसरं मशीन कुठी ठेवलं तुनं?’’