कवेलूचे पाखरू आणि दांपत्याचा नेम

क्ले टार्गेट नेमबाजी म्हणजे यंत्राने हवेत भिरकावलेली बशीसारखी चकती शॉटगनने, म्हणजे एका काडतुसातून शेकडो बारीक छरे सोडणाऱ्या बंदुकीने, खाली पडण्याआधी फोडण्याचा खेळ होय. आणि नवऱ्याने बायकोला त्याची गोडी लावणे हा त्याच खेळाचा, नियमपुस्तकात न सापडणारा, सर्वांत अवघड प्रकार होय. चकतीचा व्यास 110 मिलिमीटर व वजन सुमारे 105 ग्रॅम असते, आणि 'क्ले' हे नाव मिरवूनही तिच्यात माती औषधालासुद्धा नसते, तर डांबराच्या जातीचे पिच आणि चुनखडीची भुकटी असते. पूर्वी या जागी जिवंत कबुतरे सोडत; 1900 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्येही ती मारली गेली.

मुंबई–कोलकाता महामार्गावरच्या सौंदडला हा खेळ आणायचा, तर बंदुकीच्या परवान्यासाठी गोंदियाची वारी आलीच, आणि खऱ्या पाखरावर नेम धरावा तर 1972 चा वन्यजीव कायदा आडवा येतो. त्यामुळे उरते ती गुलेल, तिच्यासाठी उन्हात वाळवलेल्या मातीच्या गोळ्या, धान कापून रिकामी झालेली बांधी आणि लक्ष्य म्हणून जुने कवेलू, म्हणजे छपराचे मातीचे कौल. ज्याला क्ले म्हणावे असे अस्सल लक्ष्य ऑलिंपिकला मिळत नाही, ते सौंदडला छपरावरून काढता येते, ही गोष्ट क्रीडा-अभ्यासकांच्या नजरेतून आजवर निसटलेली दिसते.

ट्रॅप या प्रकारात चकत्या फेकणारी 15 यंत्रे नेमबाजापासून 15 मीटर पुढे एका खंदकात दडवलेली असतात. बांधीत यंत्राचे काम पतीकडेच येते. परंतु पत्नीच्या हाती गुलेल असताना तिच्या पुढ्यात धुऱ्याआड दडून बसणे किती सुरक्षित, हे लग्नाला किती वर्षे झाली यावर अवलंबून असल्याने, सुज्ञ पती कवेलू पाठीमागून फेकणेच पसंत करतो. अडचण खरी तिथून सुरू होते. मैदानावर नेमबाजाने हाक दिली की मायक्रोफोन ती टिपतो आणि चकती तत्क्षणी सुटते, म्हणजे बाईमाणसाच्या पहिल्याच हाकेला उठणारी वस्तू जगात निदान एक तरी आहे. पतिरूपी यंत्र मात्र हाक ऐकून कवेलूसोबत सल्लाही सोडते. "खांदा सैल ठेव, डोळा मिटू नको, आता बघ—" इथवर येईस्तोवर कवेलू जमिनीवर पडलेले असते, आणि "गप्प राहा न जी थोडे!" हा उद्गार हवेत राहतो.

सल्ल्याचा मुख्य विषय म्हणजे आगाऊ नेम: उडते लक्ष्य जिथे आहे तिथे नव्हे, तर गोळी पोहोचेल तेव्हा ते जिथे असेल तिथे मारायचे. पती हे काडीने जमिनीवर आकृती काढून समजावतो. त्याला विसर पडतो तो एवढाच, की जिचे बालपण मचाणावरून गोफण फिरवत, ओंब्यांवर उतरणाऱ्या पोपटांचे थवे हाकलण्यात गेले, तिला थव्याच्या पुढे दगड टाकायला कोणी आकृती काढून शिकवले नव्हते. तिसऱ्या कवेलूचे तुकडे पतीच्या टोपीवर पडतात तेव्हा आकृती पायाने पुसली जाते.

पुरुष मंडळींना असा अनुभव मोठ्या मैदानावरही आला आहे. 1992 च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये स्कीट, म्हणजे दोन बाजूंच्या उंच व बुटक्या घरांतून सुटणाऱ्या चकत्या फोडण्याची स्पर्धा, स्त्रीपुरुषांना एकत्र खुली होती आणि चीनच्या झांग शान यांनी ती सुवर्णपदकासह जिंकली. 1996 ला अटलांटात स्कीटमध्ये स्त्रियांना प्रवेशच नव्हता, आणि 2000 ला सिडनीत त्यांचा वेगळा गट करण्यात आला. पुढे 2024 ला पॅरिसमध्ये स्त्रीपुरुषांची मिश्र स्कीट आली, तेव्हा भारताच्या महेश्वरी चौहान आणि अनंतजीतसिंग नरुका यांचे कांस्यपदक 43 विरुद्ध 44 असे एका चकतीने हुकले. ती सहकाऱ्यांची जोडी होती म्हणून निभावले. नवराबायकोची असती तर ती एक चकती कोणाची, हा प्रश्न नातवंडांच्या लग्नातही निघाला असता.

ट्रॅपच्या एका फेरीत 25 लक्ष्ये असतात. पतीने नियम काटेकोर पाळायचे म्हणून सांदवाडीत रचून ठेवलेल्या ढिगातून मोजून 25 कवेलू आणलेले असतात, आणि तो ढीग पावसाळ्याआधी घर फेरण्यासाठी राखून ठेवलेला आहे, हे पत्नीला माहीत असूनही खेळाच्या रंगात ती बोलत नाही. मृगाचा पहिला पाऊस येतो, तेव्हा छपरात बरोबर 25 कवेलूंची जागा उघडी राहिलेली असते, आणि तिच्याखाली कोणाची खाट सरकवायची, हे ठरवताना पत्नीचा नेम चुकत नाही.