कॅप्टनची मूठ

मूर्तिजापुरात कॅप्टन म्हणून हाक मारली तर क्रिकेट खेळणारी पोरं मागे वळून पाहत नाहीत. हा किताब गावानं एकाच माणसाला दिलेला आहे, आणि त्या माणसानं आजवर विमानाच्या पायरीला पाय लावलेला नाही. मुंबईहून नागपूरला निघालेलं विमान डोक्यावर आलं की कॅप्टन भाजीची पिशवी खाली ठेवतात, कपाळावर हात आडवा धरतात, विमान दिसेनासं होईपर्यंत मान वळवतात आणि "डाव्या अंगानं दबते जरासं" असा शेरा मारून पिशवी उचलतात. एवढ्या उंचीवरच्या वैमानिकाला तो ऐकू जात नाही, हे त्याचं नशीब.

कॅप्टन मूळचे कापसाचे ग्रेडर. १९७२ साली राज्यात एकाधिकार कापूस खरेदी सुरू झाली आणि पुढं बरीच वर्षं वऱ्हाडातल्या शेतकऱ्याचं भवितव्य ग्रेडर नावाच्या माणसाच्या दोन अंगठ्यांत अडकून राहिलं. गाडीतून चिमूटभर कापूस उपसायचा, दोन्ही चिमटींत धरून ओढायचा, पुन्हा जुळवायचा, पुन्हा ओढायचा. तंतू सरळ झाले की लांबी डोळ्यांनीच मोजायची. मग पाला किती, कवडी किती, ओल किती. रात्रभर रांगेत काढलेला गाडीवान या सगळ्या वेळात कापसाकडे पाहत नसे, ग्रेडरच्या भुवयांकडे पाहत असे. कॅप्टनच्या भुवया त्या काळात कमावलेल्या. नोकरी संपली, योजना गेली, भुवया राहिल्या. आता समोर येईल त्याला ग्रेड लागते: वांगी, नवीन कीर्तनकार, पाहुण्यांच्या चपला. शेजारच्यांच्या जावयाला त्यांनी भर मांडवात 'फरदड', म्हणजे हंगाम सरल्यावरचा हलका कापूस, ठरवलं होतं. ते शेजारी अजून बोलत नाहीत, पण ग्रेड चुकली असंही म्हणत नाहीत.

विमानाचा नाद लागला तो रेल्वेमुळे. मूर्तिजापूरच्या स्टेशनातून शकुंतला नावाची गाडी एका अंगाला अचलपूरला जायची आणि दुसऱ्या अंगाला यवतमाळला. किलिक निक्सन कंपनीच्या काळातली नॅरोगेज, आणि तिला १९२१ साली मँचेस्टरला घडलेलं वाफेचं इंजिन. एका दयाळू ड्रायव्हरनं लहानपणी कॅप्टनला उचलून आत घेतलं आणि रेग्युलेटरच्या दांड्यावर हात ठेवू दिला. माणसाच्या तळव्यांनी घासून घासून गुळगुळीत झालेलं, कोमट लोखंड. १९९४ साली वाफेचं इंजिन गेलं, डिझेल आलं, आता तर गाडीच बंद. तो दांडा मात्र कॅप्टनच्या उजव्या हातातून सुटलेला नाही. माझं निरीक्षण असं, की त्यांना प्रवासाशी कधीच देणंघेणं नव्हतं. यवतमाळला जायचं म्हटलं तरी ते तीन दिवस आधी पोट धरून बसतात. प्रेम आहे ते फक्त जिथं हात धरायचा त्या जागेवर.

पुण्यातल्या पुतण्याला हे ठाऊक होतं. तो घरच्या कॉम्प्युटरवर विमान उडवणाऱ्यांपैकी. त्यानं जुना कॉम्प्युटर आधीच काकांकडे पाठवला होता. यंदा एफ-१६ या लढाऊ विमानाच्या दांड्याची हुबेहूब नक्कल केलेली मूठ मागवली आणि पत्ता मूर्तिजापूरचा दिला. "काका, बघून सांगा, ठेवू की परत करू? दहा दिवसांची मुदत आहे." ज्या माणसापुढे बैलगाड्यांनी रात्री काढल्या, त्याला हा पोरगा मुदत सांगत होता.

किंमत कळल्यावर काकूंनी ती रुपयांत ठेवली नाही. लांब धाग्याच्या कापसाला २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये. मनातल्या मनात भागाकार करून त्या म्हणाल्या, "अडीच क्विंटल कापूस झाला हा. अन् याची वात बी होत नाही."

पहिला दिवस वासात गेला. मूठ नाकाशी धरून कॅप्टन म्हणाले, "कारखान्याचा वास हाय. माणसाचा नाही." दुसऱ्या दिवशी सराफाकडे नेऊन वजन केलं. सराफानं सवयीनं "घडणावळ धरून का?" विचारलं. तिसऱ्या दिवशी बटणं. या मुठीवर बटणांचं नुसतं बोंडांसारखं पीक आहे. अंगठ्याखाली चार दिशांना ढकलायची टोपीसारखी बटणं, त्यातलं सगळ्यात वरचं विमानाचा तोल साधणारं. शेजारी लाल बटण, ते बॉम्ब सोडायचं. करंगळीला एक, खाली पुढच्या बाजूला एक चपटी पट्टी. तर्जनीखालचा घोडा दोन टप्प्यांत दबतो: पहिल्याला कॅमेरा किंवा लेझर चालू, दुसऱ्याला बंदूक. कॅप्टननी डोळे मिटून प्रत्येक बटण दाबलं आणि टकटक ऐकली. पहिला टप्पा कुठं संपतो आणि दुसरा कुठं लागतो, ही सीमा त्यांनी सकाळच्या चहापासून दुपारच्या जेवणापर्यंत तपासली.

"अवो, जेवता का त्यालेच चघयत बसता?" काकू.

"थांब. दोन टप्प्यांच्या मधात कचरा लागून रायला."

संध्याकाळी ओट्यावर समिती बसली. निवृत्त मास्तर, पानठेलेवाले आणि भजनी मंडळाचे पेटीवाले. मास्तरांनी पहिली हरकत देशभक्तीची घेतली. एफ-१६ पाकिस्तानकडे आहे, आपल्याकडे नाही. शत्रूचा दांडा भारतीय ओट्यावर काय करतो? कॅप्टन म्हणाले, "मास्तर, मले का हौस हाय? मिगचा भेटला असता तर म्या तोच घेतला असता. मिग-२१ आपल्या नाशकाच्या ओझरले बने. त्याच्या दांड्याले सायकलीवानी बिरेक रायते, मालूम हाय?" हे खरं आहे. मिग-२१ च्या चाकांचा ब्रेक हवेच्या दाबावर चालायचा आणि त्याचा लिव्हर दांड्यावरच असायचा. बासष्ट वर्षं सेवा करून ते विमान २६ सप्टेंबर २०२५ ला चंडीगडला निवृत्त झालं, तेव्हा कॅप्टननी टीव्हीसमोर उभं राहून उजवी मूठ आवळली होती. सलाम राहून गेला.

पानठेलेवाल्यांनी मूठ धरून हलवली. बुडाशी स्प्रिंगांचा खोका आहे, त्यावर ती चारी दिशांना छान कलते. "मस्त हालते," ते म्हणाले.

"तेच तर खोटं हाय!" कॅप्टन कडाडले. "खऱ्या एफ-१६ चा दांडा हालतच नाही."

समिती गप्प झाली. कॅप्टननी खुलासा केला. या विमानाची मूठ मांड्यांच्या मधे नसते, उजव्या हाताशी असते, आणि मूळच्या आराखड्यात ती जागची हलत नव्हती. वैमानिकानं किती जोर लावला तेवढंच यंत्र मोजायचं आणि तारांतून शेपटीला कळवायचं. जोर कळायला वाव नाही म्हणून वैमानिक अवघडले, तेव्हा कुठं तिला जेमतेम पाव इंचाची हालचाल दिली. २० जानेवारी १९७४ ला फिल ओस्ट्रायकर हा चाचणी वैमानिक पहिलं एफ-१६ नुसतं धावपट्टीवर पळवून पाहत होता. उडायचं ठरलेलंच नव्हतं. विमान डावी-उजवीकडे असं डोलायला लागलं की शेपटी जमिनीला घासली. जमिनीवर ठेवण्यापेक्षा हवेत नेणं बरं म्हणून त्यानं ते उडवलं आणि सहा मिनिटांनी उतरवलं.

"म्हंजे चुकून उडालं?" मास्तर.

"सरकारी उड्डाण मंग फेब्रुवारीत झालं. कागदोपत्री."

ही पद्धत मास्तरांना शाळाखात्यामुळे परिचित होती. त्यांनी देशभक्तीची हरकत मागे घेतली.

पेटीवाले एवढा वेळ गप्प होते. त्यांच्यासाठी कॅप्टननी एडविन लिंकची गोष्ट काढली. अमेरिकेत त्याच्या बापाचा पियानो आणि ऑर्गन बनवायचा कारखाना. पोरानं १९२९ साली ऑर्गनचेच भाते खाली लावून एक डबा केला, त्यात बसून दांडा हलवला की डबा विमानासारखा कलायचा. जत्रेतलं खेळणं म्हणून लोकांनी पैसे दिले. १९३४ साली टपालाची विमानं पडून वैमानिक मरायला लागले, तेव्हा सैन्यानं तेच डबे विकत घेतले. घरबसल्या उडण्याचा सगळा वंश त्या भात्यांतून निघाला.

"म्हंजे माह्या पेटीवर बी उडता येते," पेटीवाले म्हणाले.

"तुम्ही सूर लावता तवा आमी उडतोच," पानठेलेवाले म्हणाले, आणि त्या दिवसाची सभा तिथं संपली.

खरं बांधकाम पाचव्या दिवशी निघालं. एफ-१६ ची खुर्ची तीस अंश मागे कललेली असते, विमान जोरात वळताना रक्त डोक्यातून उतरू नये म्हणून. कॅप्टनच्या ओसरीत वडिलांची सागवानी आरामखुर्ची आहे, पाय पसरायला लांब हातांची. नातीच्या कंपासपेटीतला कोनमापक लावून पाहिला तर खुर्ची जास्तच आळशी निघाली. मागच्या पायांखाली पाचरी ठोकून ती अमेरिकन हवाई दलाच्या मापात आणली. सुतारानं उजव्या हाताला चार भोकं पाडली, आणि मूठ नटबोल्टनं खुर्चीवर कायमची बसली. सुतारानं विचारलं, "काका, इथं कपबशी कुठी ठेवसान?" या सगळ्या तपासणीत व्यवहाराचा प्रश्न विचारणारा तो एकच माणूस.

मुंबईत कांदिवलीला अमोल यादव यांनी घराच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधल्याची बातमी आल्यापासून काकू गच्चीच्या दाराला कुलूप लावतात. बांधकाम ओसरीत निघेल हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. बाजारातून आल्यावर त्यांनी शांतपणे वांग्यांची पिशवी त्या मुठीला अडकवली. कॅप्टन चिडतील असं वाटलं होतं. ते वाकून पिशवीकडे पाहत बसले. "दीड किलोले एवढी वाकली. स्प्रिंग बराबर हाय." मग त्यांनी काकूंना अजून अर्धा किलो आणायला सांगितलं.

स्प्रिंग बरोबर असली तरी हालचाल जास्तच होती, आणि खोटेपणा कॅप्टनना सहन होत नाही. त्यांनी सायकलच्या ट्यूबचे तुकडे ठासून मूठ पाव इंचावर आणली. आतमध्ये चुंबक आणि त्याच्यासमोर हॉल सेन्सर असतो; जुन्या दांड्यांत कार्बनच्या पट्टीवर पत्ती घासायची, आणि रेडिओचा आवाज वाढवताना होणारी खरखर तिथंही व्हायची. चुंबकाला घासणं नाही, झीज नाही. पण हा सेन्सर चुंबक किती सरकला यावर मोजतो, किती जोर लावला यावर नाही. मूठ अस्सल झाली त्या क्षणी विमान नक्कलसुद्धा करेना. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून कॅप्टननी पश्चिमेकडे तोंड करून उड्डाण केलं. उपग्रहाच्या छायाचित्रांवरून बनवलेली जमीन पडद्यावर सरकू लागली. नाकासमोर मूर्तिजापूर. खाली आपलं गाव पाहून कॅप्टननी अभिमानानं वळण घ्यायला मूठ आवळली. विमान वळलं नाही. अकोला आलं, शिवणीची धावपट्टी खालून गेली, खामगाव गेलं.

"आजोबा, वळवा ना," शेजारची आठवीतली पोरगी म्हणाली.

"वळवूनच रायलो. खऱ्यात बी असंच जड रायते."

चहा पिऊन परत आले तेव्हा खाली अरबी समुद्र होता. पोरीनं की-बोर्डचे बाण दाबून विमान फिरवलं आणि पडद्यावर बेलोऱ्याला अलगद उतरवून दाखवलं. कॅप्टननी ते पाहिलं नाही. ते मुठीच्या नव्या चकचकीत कडा पॉलिश पेपरनं घासत होते, अंगठा जिथं टेकतो तिथं रंग उडालेला दिसावा म्हणून. वापरलेली नाही ती मूठ कसली, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटतं, फक्त वापरायचं काम त्यांनी पॉलिश पेपरवर सोपवलं होतं.

खरं विमान त्यांच्या दाराशी आलेलं आहे. १६ एप्रिल २०२५ पासून बेलोऱ्याहून मुंबईला विमान जातं. पुतण्यानं तेव्हाच तिकीट देऊ केलं होतं. कॅप्टननी विमानाची जात विचारली. एटीआर ७२.

"त्यात दांडा नाही," कॅप्टन म्हणाले. "स्टेअरिंग रायते, दोन शिंगांचं. पंखे अन् स्टेअरिंग पायासाठी मुंबईले कायले जाऊ? एसटी का वाईट हाय?"

"काका, तुम्ही प्रवासी म्हणून जाणार. पुढं काय आहे त्याच्याशी..."

"मंग म्या धरू काय?"

या प्रश्नाला पुतण्याकडे उत्तर नव्हतं.

नवव्या दिवशी पुतण्याचा फोन आला. कॅप्टन खुर्चीत होते, त्यामुळे फोन डाव्या हातानं घेतला.

"काका, काय ठरलं? उद्या शेवटचा दिवस. परत करायची तर कुरिअरवाला सकाळी येईल."

"येऊ दे. पण खुर्चीचं बी पार्सल करा लागीन. अन् सागवान हाय, वजन जास्त भरते."

पलीकडे बराच वेळ कोणी बोललं नाही. स्वयंपाकघरातून काकूंनी, खुर्चीबरोबर खुर्चीतला ऐवजही पाठवता येतो का, असं विचारून घेतलं.

"बरं, ग्रेड तरी सांगा," पुतण्या म्हणाला.

"एफएक्यू. सरासरी, बरा माल."

"सुपर नाही?"

"पुऱ्या नोकरीत म्या दोनदा सुपर देल्ला लेका, अन् दोन्ही येळा पस्तावलो." कॅप्टननी घोडा पहिल्या टप्प्यापर्यंत दाबून धरला. "अन् पाय, तो वेग वाढवाचा दांडा भेटते ना, थ्रॉटल? थो एक धाडून दे. तपासून देतो. खुर्चीचा डावा हात रिकामाच हाय."