शाल, श्रीफळ आणि सतरंजी

स्वयंसेवकाचा सत्कार हा सेवेपेक्षा जास्त शिस्तीने पार पडणारा विधी आहे. बीदर जिल्ह्यातील कमलनगर भागात तर त्याला दोन राज्यांचे वळण आहे. महाराष्ट्रातल्या उदगीरकडची शाल-श्रीफळाची रीत इथे चालते आणि कर्नाटकाचा म्हैसूरी पेटाही चढतो. साहजिकच सत्कारमूर्तीला दोन्ही राज्यांचे ओझे सोसावे लागते.

क्रम ठरलेला असतो. आधी दीपप्रज्वलन, मग पाहुण्यांचा सत्कार, मग सत्कार करणाऱ्यांचा सत्कार. स्वयंसेवकाची पाळी येईपर्यंत हारातली शेवंती मान टाकते. शाल खांद्यावर पडते, पण घडी मोडत नाही, कारण फोटोग्राफर 'इकडे बघा' म्हणतो आणि देणारा, घेणारा दोघेही तिकडे बघतात. नारळाला बहुधा शेंडी असते. पाणी असेलच असे नाही.

ऑगस्ट २०२१ मध्ये कर्नाटकाचे तेव्हाचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी सरकारी कार्यक्रमांत हार, शाली, फळांच्या करंड्या नकोत, द्यायचेच तर कन्नड पुस्तक द्या, असे फर्मावले. खाजगी मंडळांना हा नियम लागू नव्हता, त्यामुळे शालीच्या दुकानदारांनी फार काळजी करण्याचे कारण नव्हते.

संयुक्त राष्ट्रांनी १९८५ मध्ये ५ डिसेंबर हा स्वयंसेवक दिन ठरवला. राष्ट्रीय सेवा योजना त्याहून जुनी, १९६९ ची. तिचे ब्रीद 'मी नव्हे, तू' असे आहे. व्यासपीठावर मात्र प्रास्ताविक 'मी'ने सुरू होते. समारंभ संपल्यावर खुर्च्या रचायला आणि सतरंज्या गुंडाळायला शाल काखेत धरलेला सत्कारमूर्तीच थांबतो.